पुढचा खांदा

रायगडावर डोली उचलायला दोन खांदे लागतात, पुढचा आणि मागचा. हिरकणीवाडीचा सहदेव जन्मभर पुढचा होता, आणि कुणी विचारो न विचारो, चहाचा पहिला घोट घेता घेता तो हे सांगून टाकायचा. त्याचं लग्न जमलं तेव्हा त्याच्या बापाने व्याह्यांना पोराचं शिक्षण सांगितलं नाही, कारण सांगण्याजोगं नव्हतंच. "पोरगा पुढच्या खांद्याचा हाय," एवढंच तो म्हणाला, आणि तुळसाच्या बापाला ते पुरलं.

पुढच्या खांद्याचा एवढा तोरा कशाला, हे डोलीत बसणाऱ्याला कधी कळत नाही. दांड्याला टांगलेल्या खुर्चीत माणूस बसला की मागच्याला दिसते त्याची पाठ, त्याची टोपी आणि फार तर वरचं आभाळ. पायरी दिसत नाही. तो चालतो ते पुढच्याच्या शब्दावर. पुढचा 'खोल हाय' म्हणाला की गुडघा दुमडून पाय खाली सोडायचा, 'निसरं' म्हणाला की बोटं रोवायची, 'मोकळं' म्हणाला की दम घ्यायचा. पुढचा चुकला तर तिघं मिळून दरीत. म्हणून पुढचा बोलतो आणि मागचा उलट विचारत नाही. घरात एवढी आज्ञा कुणी पाळत नाही, असं सहदेव तुळसाला ऐकवायचा. ती चुलीतलं लाकूड अशी काही आत सारायची की विषय तिथेच मिटायचा.

त्याच्या मागे चालायचा तो कोंडाजी, तुळसाचा धाकटा भाऊ. ऐन उमेदीत तो मुंबईला गेला होता. एका कॅन्टीनमध्ये बरीच वर्षं काढली, मग मालकाने जागाच विकली आणि हा बायकोपोरीला घेऊन गावी परतला. मुंबईहून हात हलवत आलेल्या माणसाकडे गाव कसं बघतं ते गावालाच ठाऊक. कोंडाजी घराबाहेर पडेना. तेव्हा सहदेवने जाऊन त्याचं पांघरूण ओढलं आणि म्हणाला, ऊठ, माझ्या मागं चाल. कोंडाजी उठला आणि चालायला लागला तो पुढची बावीस-पंचवीस वर्षं चालतच राहिला. माणूस मुलखाचा अबोल. दिवसभरात त्याच्या तोंडून 'दाजी' आणि 'बरं' हे दोन शब्द निघाले की त्या दिवशी तो फार बोलला म्हणायचं.

सहदेवच्या घराण्यातल्या डोलीवाल्यांची एक रीत होती. पुढचा खांदा मागायचा नसतो. ज्याच्याकडे आहे त्याने, अंगातलं बळ उतरलं की, आपण होऊन द्यायचा. तोही कुठेही नाही, महादरवाजाच्या उंबऱ्यात. नारळ फोडायचा, आपल्या खांद्यावरची घोंगडीची घडी काढायची आणि मागच्याच्या खांद्यावर ठेवायची. सहदेवला त्याच्या बापाने असाच दिला होता. मागून घेतलेला खांदा लाभत नाही, असं मानत. सहदेवच्या चुलत्याला त्याच्या मागच्याने एकदा चेष्टेत म्हटलं होतं, "आता जातो मी पुढं." चुलता मरेपर्यंत त्याच्याशी बोलला नाही, आणि मेल्यावर खांदा द्यायला त्याला पुढे येऊ द्यायचं की नाही, यावरही वाडीत वाद झाला होता.

रोपवे झाल्यापासून डोलीला गिऱ्हाईक थोडं उरलं. दोरीला लोंबकळत जायची भीती वाटणारी म्हातारी माणसं आणि गड पायरीनेच चढायचा असा नेम असलेली माणसं, एवढीच डोली शोधत यायची. तरी सहदेव रोज सकाळी घडी खांद्यावर टाकून चित् दरवाजापाशी जाऊन बसायचा. तिथेच तुळसाचं पिठलं-भाकरीचं छपरू होतं, त्यावर घर चालायचं. डोलीवर चालायचा तो सहदेव.

आणि त्याचेच डोळे गेले.

सगळे नाही गेले. ते बरं झालं असतं, कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. समोरचं माणूस त्याला स्वच्छ दिसायचं, नाकावरच्या तिळासकट. पण बाजूचं आणि पायाखालचं जग हळूहळू कुणीतरी उचलून नेत होतं. कोंबडी पायात यायची आणि ओरडल्यावर कळायचं. तुळसा कपाचा कान त्याच्या हाताजवळ धरून उभी असायची आणि हा तिच्या तोंडाकडे बघत चहा मागायचा. महाडला एका शाळेत डोळ्यांचं शिबिर होतं, तिथे तुळसाने त्याला बळेच नेला. डॉक्टरीण पोरसवदा होती, पण बोलली स्पष्ट. काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखायची. थेंब रोज घाला, आणि बाबा, कठडा धरल्याशिवाय जिनासुद्धा उतरू नका.

तुळसा बाहेर बाकावर बसली होती. काय म्हणाली डॉक्टरीण, म्हणून तिने विचारलं. सहदेव म्हणाला, "मोतीबिंदू हाय. पिकला की काढू म्हणाली."

हे खोटं फार सोयीचं होतं. मोतीबिंदू वाडीत घरटी एक होता, त्याला कुणी भीत नव्हतं. वाटेत भेटणारी माणसं त्याला 'काय सहदेवबुवा, पिकला का?' असं झाडावरच्या फणसाची चौकशी करावी तसं विचारायची. तोही हसून 'अजून हिरवाय' म्हणायचा. थेंबांची बाटली त्याने डोलीच्या पिशवीत तळाला ठेवली आणि कुणी नाही असं बघून डोळ्यांत थेंब टाकायला लागला. कुणी नाही हे तो कसं बघत होता, ते त्यालाच माहीत.

वाट त्याला पाठ होती. कुठली पायरी अर्धी खचलेली, कुठे वळणावर कातळ पुढे आलेला, कुठे पाणी पाझरतं, हे त्याच्या तळव्यांना डोळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. तळवा टेकला की तोंडातून शब्द निघायचा. शब्द बरोबर यायचे, तोवर आपण कुणाला फसवत नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. खरी गंमत पुढेच आहे. मागच्याला डोळे लागतच नाहीत. कोंडाजीला पुढे धाडून हा मागे गेला असता, तर त्याच्या शब्दावर आणखी कितीतरी वर्षं सुखाने चालला असता. तोंडातून एक वाक्य काढायचं होतं. पण जन्मभर ज्याने सांगितलं, त्याने आता ऐकायचं? सहदेव रात्री कूस बदलायचा आणि विषयही बदलायचा. शिमगा झाला की बघू, पावसाळा सरला की बघू, असं करत दुसरी थंडी आली.

त्या थंडीत एक मधल्या वारी अनुपमाबाई आल्या. महाडच्या निवृत्त शिक्षिका, सत्तरीच्या पुढच्या, अंगाने काडी. बरोबर भाचा हर्षद. बाईंनी आदले दोन दिवस शिवथर घळीच्या मठात काढले होते. घळ आणि गड ही दोन ठिकाणं त्यांनी जन्मभर मुलांना फळ्यावर शिकवली आणि स्वतः एकदाही पाहिली नव्हती. शाळा, मग आजारी आई, मग स्वतःचे गुडघे. आता डोळे मिटायच्या आत दोन्ही बघायची होती. रोपवेने जाऊ म्हणून हर्षदने नाना तऱ्हांनी समजावलं. बाई म्हणाल्या, महाराजांच्या दारात मी महादरवाजातून जाणार, मागच्या अंगणातून नाही. सहदेव हे ऐकून एवढा खूष झाला की बाईंना त्याने स्वतः हात धरून खुर्चीत बसवलं.

चढण नेहमीसारखी झाली. बाई हलक्या होत्या, ऊन कोवळं होतं. महादरवाजातून आत गेल्यावर वरच्या टप्प्यात पायऱ्यांची दुरुस्ती चालली होती. चार-पाच गडी जुने हललेले दगड काढून पुन्हा बसवत होते आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांना 'कडेनं, कडेनं' म्हणत होते. सहदेव आवाजाच्या रोखाने कडेने गेला. दगडांची ठोकाठोक त्याने ऐकली, ती जागा मनात धरली आणि पुढे विसरला.

गंगासागर तलावापाशी डोली टेकली. तिथून पालखी दरवाजाने राजवाड्यात बाई चालतच गेल्या, एक हात हर्षदच्या दंडाला, दुसरा सहदेवच्या. राजवाडा बघायला येणारं प्रत्येक माणूस तिथे एकदा गोंधळतं. कमानी कुठे, छत कुठे, महाल कुठे, असं इकडे तिकडे बघत राहतं. समोर असतात जोती. राणीवशाच्या खोल्यांची ओळ, सगळ्यांच्या भिंती कमरेएवढ्या, वर उघडं आभाळ. अष्टप्रधानांचे वाडेही तसेच. बाई मात्र गोंधळल्या नाहीत. एका उंबऱ्यापाशी त्या थांबल्या, वाकून दगडाला हात लावला आणि म्हणाल्या, "घळीत राजा नाही पण छप्पर आहे. इथे छप्पर नाही, पण राजा गेलाय असं काही वाटत नाही." मग त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पदराने पुसले, लपवले नाहीत.

सहदेवला ते ऐकून कसंतरीच झालं. राजवाडा त्याला हल्ली असाच दिसायचा, समोर बघितला तर दिसायचा, जवळची जोती त्याच्या नजरेतून गळून गेली होती. पण गेलंय ते गेलंय म्हणून सांगायला दगडाला लाज वाटत नव्हती. लाज होती ती त्याला.

राजसदरेवर मेघडंबरीसमोर बाई उभ्या राहिल्या. सिंहासनापासून पूर्वेला नगारखान्याचा उंच दरवाजा, मधे मोठं पटांगण. नगारखान्यात हळू बोललेलंही सिंहासनापाशी ऐकू येतं, हे बाईंनी मुलांना अनेकदा सांगितलं होतं आणि आता पडताळून बघायचं होतं. हर्षद आणि कोंडाजी तिकडे चालत गेले. गर्दी नव्हती, वारा पडला होता. हर्षदने तिथे कागद फाडला आणि इथे बाईंच्या कानाशी फाडावा तसा तो वाजला. बाई लहान मुलीसारख्या हसल्या. मग त्या मेघडंबरीच्या दुसऱ्या अंगाला जाऊन हात जोडून बसल्या. हर्षद नगारखान्याबाहेर होळीच्या माळावर फोटो काढायला निघून गेला. सहदेव होता तिथेच उभा राहिला. समोर दूर, कमानीच्या आत, कोंडाजीची आकृती त्याला दिसत होती. त्याने खिशातून मोबाईल काढून कानाला लावला होता.

आणि मुलखाचा अबोल माणूस बोलायला लागला. बारीक पण स्वच्छ आवाज, जणू कोंडाजी हाताच्या अंतरावर उभा होता.

"हां, श्रुतिका, बोल गो," तो म्हणाला. श्रुतिका त्याची मुलगी, मुंबईला नोकरीला. "नाय, येत नाय मी मुंबईला. तुझ्या आतोबांना सोडून कसा येऊ? त्यांना पायाखालचं दिसत नाय आता. गेल्या शिमग्यापासनं बघतोय मी. वाट पाठ हाय म्हणून चाललंय. मागं आले तर अजून धा वर्सं चालतील, मागच्याला कुठं डोळे लागतात? मी सांगंन त्यांना पायरी. पर ते त्यांनी म्हणायला पायजे. मी कसा म्हणू?"

मग तो जरा थांबला. "भ्या वाटतं गो," एवढं म्हणाला आणि मोबाईल खाली घेतला.

 आधी सहदेवला राग आला, आणि तो कोंडाजीचाच आला. घरातली गोष्ट पोरीला सांगतो म्हणजे काय! मग राग ओसरला आणि एकेक गोष्ट जागेवर येऊन बसायला लागली. वर्षभर दांडा मागून कधी अंमळ डावीकडे ओढल्यासारखा व्हायचा, कधी अंमळ दाबल्यासारखा. कोंडाजी थकत चाललाय, असं सहदेव समजत होता. कोंडाजी थकत नव्हता. दिसत नसलेल्या पायऱ्या आठवून, मागून, न बोलता, तो सहदेवला वाट दाखवत होता. सांगणारा आंधळा आणि ऐकणाऱ्याला ठाऊक, तरी रोज सकाळी त्याने आपला जीव याच्या शब्दावर टाकून पाय उचलला होता. सहदेवला तिथे, महाराजांच्या पुढ्यात, जमीन दुभंगेल तर बरं असं वाटलं.

त्याने ठरवलं. आजच. थांबायचं नाही. आजच महादरवाजाच्या उंबऱ्यात खांदा द्यायचा आणि खालची वाट कोंडाजीच्या शब्दावर मागे चालत उतरायची. गडावर ताक विकणाऱ्या काशीबाईच्या झोपडीकडे जाऊन त्याने एक नारळ घेतला. देवाला काय, असं तिने विचारलं. तो म्हणाला, "देवालाच म्हण." नारळ पिशवीत टाकताना त्याला आत कुठेतरी हलकं वाटलं, दोन वर्षांत पहिल्यांदा.

इथे या माणसाला दोन सणसणीत शिव्या हासडाव्याशा वाटतात. अरे बाबा, उंबरा कशाला हवा होता तुला? गंगासागराच्या काठी डोली टेकलेली होती, कोंडाजी समोर होता, घडी खांद्यावर होती. तिथेच काढून द्यायची होती. पण सहदेवने ती बापाच्या हातून उंबऱ्यात घेतली होती. वाटेत कुठेतरी, दगडावर बसून दिलेला खांदा म्हणजे टाकलेला खांदा, दिलेला नव्हे, असं त्याच्या रक्तात होतं. कोंडाजीला आपण टाकलेलं काही द्यायचं नाही. मानाने द्यायचं. आणि महादरवाजा असा लांब कितीसा! एक टप्पा उतरला की आलाच.

बाई डोलीत बसल्या, हर्षद फोटो काढत बराच मागून येत होता. सहदेवने दांडा खांद्यावर घेतला आणि शेवटचं सांगतोय या भावनेने, नेहमीपेक्षा मोठ्याने, सांगायला लागला. खोल हाय. मोकळं. डावा. खोल हाय. मागून कोंडाजीचा 'बरं' येत होता.

दुरुस्तीच्या जागी गडी जेवायला सावलीत गेले होते. दुपारपर्यंत त्यांनी आणखी दगड काढले होते आणि उघड्या जागेच्या अलीकडे चुन्याची जाड पांढरी रेघ ओढून ठेवली होती. शेंबड्या पोरालाही दिसावी अशी. सकाळी 'कडेनं' म्हणणारे आवाज आता नव्हते. सहदेवचा तळवा ओळखीची पायरी शोधत गेला, तोंडातून सवयीने 'खोल हाय' निघालं आणि पायाखाली काहीच आलं नाही.

तो पुढे कोसळला. दांडा त्याच्या खांद्यावरून सुटला. बाई खुर्चीसकट पुढे दरीकडे फेकल्या जायच्या, पण कोंडाजीने दांडा छातीशी ओढून घेतला आणि सगळं ओझं अंगावर घेत मागे बसला. उजवा गुडघा खाली कातळावर आला. तो फुटल्याचा आवाज बाईंनी ऐकला. पुढे कितीतरी दिवस तो कानातून जात नाही, असं त्या हर्षदला सांगत होत्या. त्यांना स्वतःला खरचटलंही नव्हतं. पिशवीतला नारळ निसटून पायऱ्यांवरून टणटण उड्या मारत महादरवाजाच्या दिशेने गेला.

जेवायला बसलेले गडी धावत आले. त्याच डोलीत कोंडाजीला घातला आणि त्या परक्या माणसांनी तो खाली उतरवला. सहदेव कपाळ फुटलेल्या अवस्थेत मागून चालत होता. उंबरा आला, गेला. त्याने वर बघितलंसुद्धा नाही.

महाडला दवाखान्यात कोंडाजीच्या गुडघ्याची वाटी तारांनी बांधली. काठी घेऊन चालेल, डॉक्टर म्हणाले, पण ओझं आता या पायाने उचलायचं नाही, कधीच नाही. सहदेवच्या कपाळाला टाके घालणाऱ्या डॉक्टरने त्याचे डोळे बघितले आणि औषध कधीपासून चालू आहे असं विचारलं. तुळसा शेजारी उभी होती. सगळं बाहेर आलं. तिने आरडाओरडा केला नाही, कपाळ बडवलं नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात आल्यावर ती एवढंच म्हणाली, "माझा भाऊ तुमच्या डोळ्यांनी चालत व्हता." त्यानंतर ती त्याच्याशी बोलायची बंद झाली. भाकरी वाढायची, थेंब टाकायची, पण बोलायची नाही.

पहिले काही दिवस सहदेव कोंडाजीसमोर गेलाच नाही. दवाखान्याच्या दारापर्यंत यायचा आणि झाडाखाली बसून राहायचा. मग एक दिवस तुळसा डबा घेऊन वर जायला निघाली, तेव्हा तो उठून तिच्या मागे चालायला लागला. काखेत फडक्यात गुंडाळलेली घोंगडीची घडी होती.

कोंडाजी खाटेवर पाय पसरून बसला होता. दाढी वाढलेली. सहदेव खाटेच्या कडेला टेकला.  तुळसा खिडकीपाशी पाठ करून उभी राहिली. शेवटी सहदेवने घडी उलगडली, पुन्हा नीट दुमडली आणि कोंडाजीच्या उजव्या खांद्यावर ठेवली. घामाचा वास मुरलेली, बापाच्या वेळची, मधे झिजून सालपटासारखी झालेली. 

"आता काय करू हिचं, दाजी," कोंडाजी म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, खरोखरच विचारत होता तो.

"मी त्या दिवशीच देणार व्हतो," सहदेव म्हणाला. "नारळ घेतला व्हता. महादरवाजात देणार व्हतो. तू श्रुतिकाशी बोललास ते मी ऐकलं. सिंहासनापाशी ऐकू येतं, तुझ्या ध्यानात नाय राहिलं."

कोंडाजी घडीवरून हात फिरवत राहिला.

"फोन कुठं लागला व्हता, दाजी," तो म्हणाला. "वर रेंजच नव्हती. नुसता कानाला धरला व्हता."

सहदेव त्याच्याकडे बघत राहिला. समोरचं त्याला स्वच्छ दिसत होतं. कोंडाजीचा चेहरा, खोल गेलेले गाल, डोळ्यांत आलेलं पाणी.

"मागायचा नसतो ना," कोंडाजी म्हणाला. "मग म्हटलं, तिथनं बोलावं. तुमी ऐकाल आणि तिथंच म्हणाल, कोंडाजी, ये पुढं. तलावापाशी डोली उचलताना वाट बघत व्हतो मी. तुमी दांडा घेतलात, तवा वाटलं, ऐकू गेलं नसंल."

सहदेवला ऐकू गेलं होतं. एक अक्षर न सुटता ऐकू गेलं होतं. आणि ऐकून त्याने त्या माणसाला आणखी एक टप्पा आपल्या मागून चालवला होता, कशासाठी, तर एका दगडी उंबऱ्यासाठी. तो खाटेच्या लोखंडी दांडीवर डोकं ठेवून रडला. खोलीतल्या बाकीच्या माणसांनी तोंडं फिरवली. कोंडाजीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. 

भेटीची वेळ संपली तसे दोघं नवरा-बायको निघाले. जिना अरुंद होता, कठडा एकाच बाजूला, आणि त्या बाजूने माणसं वर चढत होती. तुळसा डबा घेऊन भराभर चार पायऱ्या उतरली. सहदेव वरच्या पायरीवर थांबला. पायाखाली त्याला काही दिसत नव्हतं आणि ही वाट पाठही नव्हती. जन्मात पहिल्यांदा तो मोठ्याने म्हणाला, "तुळसा, मला दिसत नाय गो."

ती थांबली. मान न वळवता क्षणभर तशीच उभी राहिली. मग परत वर आली, त्याचा हात धरून आपल्या खांद्यावर ठेवला आणि पुढे तोंड केलं.

"खोल हाय," ती म्हणाली.

सहदेवने गुडघा दुमडला आणि तिच्या शब्दावर पाय खाली सोडला.